रविवारची शाळा

बाई गेल्या तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघरात सगळी भांडी दोन-दोन निघाली. दोन पातेली, दोन तवे, दोन पळ्या. प्रत्येक जोडीतल्या एकाला लाल दोरा बांधलेला. लाल दोऱ्याची भांडी मटणाची, बिनदोऱ्याची दुधाची. त्यांच्या धर्मात दूध आणि मटण एका भांड्याला लागलेलं चालत नाही. खामगावात त्यांच्या पद्धतीने बकरं कापणारा शेवटचा माणूस निघून गेला त्याला कितीतरी वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून बाईंनी मटणाचा तुकडा तोंडात घातला नव्हता. तरी लाल दोऱ्याची भांडी मी दर गुरुवारी घासायची.

"कशाले घासाची बाई? याच्यात तं काही शिजतच नाही."

"शिजत नाही म्हणून नियम संपला काय गो?"

अशा बाई होत्या. त्यांचं कोणाला सांगितलं की लोक विचारतात, म्हणजे ख्रिश्चन काय? नाही. यहुदी. बेने इस्राएल म्हणतात त्यांना. मूळचे अलिबागकडचे, घरात मराठीच बोलणारे. बाईंचे वडील कापसाच्या जिनिंगच्या इंजिनावर मिस्त्री म्हणून इकडे आले. तशी आणखी घरं आली, कोणी रेल्वेत, कोणी तेलाच्या मिलमध्ये. त्यांनी आपल्या मुलांसाठी चौथीपर्यंतची शाळा काढली. दोन खोल्या, वर टिनाचे पत्रे, मागे बाईंची राहायची खोली. पुढे एकेक घर इस्रायलला निघून गेलं. बाई राहिल्या आणि शाळा राहिली.

मी त्या शाळेत बावीस वर्षं झाडू मारला, पाणी भरलं, घंटा वाजवली. माझी स्वतःची शाळा चौथीपर्यंत, वडनेर भोलजीला. आम्ही बौद्ध. नवरा जिनिंगमध्ये हमाल होता, तो मेल्यावर बाईंनी मला कामाला ठेवलं. उपकार म्हणून नाही. त्यांना शनिवारी स्टोव्हला हात लावणारं माणूस पाहिजे होतं, आणि ते त्यांच्या जातीचं चालत नव्हतं.

शुक्रवारी सूर्य बुडाल्यापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत बाई काहीही पेटवत नसत, विझवत नसत, लिहीत नसत. विजेचं बटणसुद्धा दाबत नसत. हे मला समजलं. न समजण्यासारखी गोष्ट पुढे होती. हे काम दुसऱ्याला सांगणंही त्यांना चालत नव्हतं. मी ते आपल्या मनाने करायचं. मला कसं कळणार? तर त्या इशारा करायच्या.

शनिवारी सकाळी सातला मी गेले की बाई पांढऱ्या साडीत खुर्चीवर बसलेल्या असत.

"आज हवा गार आहे," त्या भिंतीकडे बघून म्हणायच्या.

"चहा पाह्यजे का?"

"मी काही म्हटलं नाही."

"मंग काऊन सांगून राह्यल्या हवा गार हाये म्हनून?"

"गार आहे म्हणून सांगितलं."

उन्हाळ्यात हवा गार आहे असं म्हणता यायचं नाही, कारण बाई खोटं बोलत नसत. मग त्या म्हणायच्या, "पत्तीचा नवा पुडा आणलाय गो." पंखा पाहिजे असेल तर "वारा पडलाय." मी सरळ बोलणारी बाई. पहिल्या वर्षी एकदा चिडून म्हटलं, "वारा पडला तं पडू द्या," आणि निघून आले. दुपारी शेजारीण सांगत आली की बाई घामाने ओल्या होऊन तशाच बसून आहेत. गेले आणि बटण दाबलं. त्यांनी आभार मानले नाहीत. आभार मानले असते तर सांगितल्यासारखं झालं असतं.

शनिवार बंद म्हणून शाळा रविवारी भरायची. सगळं गाव सुट्टीत, आणि आमची पोरं दप्तर घेऊन निघालेली. बाजारातले लोक ओरडायचे, "चालले बे रविवारवाले!" गावात शाळेचं नाव कोणाला माहीत नव्हतं. रविवारची शाळा म्हटलं की रिक्षावाला बरोबर आणून सोडायचा.

यहुदी पोरं कमी होत गेली तशी बाईंनी गल्लीतली पोरं घेतली. मुसलमानांची, आमच्या लोकांची. माझी नात तिथंच शिकली. बाई सगळ्यांना सारखं शिकवायच्या आणि सारखं मारायच्या, पट्टीने, तळव्यावर. यहुदी पोराला दोन पट्ट्या जास्त. "तो आमचा आहे," म्हणायच्या.

शाळेच्या दाराला उजवीकडे चौकटीवर एक बोटभर लांबीची पितळी डबी तिरपी ठोकलेली होती. तिच्यात त्यांच्या देवाचं वचन लिहिलेला कागद. आत जाता-येता डबीला हात लावायचा आणि बोटं ओठांना लावायची. बाईंनी कोणाला सक्ती केली नाही, पण पोरं बघून बघून करायला लागली. माझी नात आता पस्तीशीला आली, बँकेत आहे. अजून घरातून निघताना तिचा हात चौकटीकडे जातो. तिथं काही नाही, नुसता चुना आहे.

शेवटच्या तासाला बाई त्यांची भाषा शिकवायच्या, इब्रानी. उजवीकडून डावीकडे लिहितात. मुसलमान पोरांना ते लवकर जमायचं, त्यांना उर्दूची सवय. बांगड्यावाल्या बशीरची शहनाज तर अशी धडाधड वाचायची की बाई पट्टी खाली ठेवून ऐकत बसायच्या. त्यांची एक प्रार्थना आहे, शमा म्हणतात. डोळ्यांवर हात ठेवून म्हणायची. ती शहनाजसारखी कोणी म्हटली नाही.

मुंबईहून दर वर्षी ट्रस्टचे एक म्हातारे शाळा बघायला यायचे. ट्रस्टच्या कागदात अट होती, शाळेत आपल्या समाजाचं एक तरी मूल पाहिजे. ते नसेल तर शाळा बंद. एका वर्षी तसं एकच मूल उरलं होतं, तेलाच्या मिलमधल्या सॅमसन फिटरची एस्तेर. ती पहिलीत होती, आणि म्हातारे आले की तिची बोबडी वळायची. बाईंनी आठ-दहा पोरं ओळीत उभी केली आणि शमा म्हणायला लावला. शहनाजचा आवाज सगळ्यांच्या वर. म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तिला जवळ घेतलं.

"कोणाची गो तू?"

"बशीर बांगडीवाले की," शहनाज म्हणाली.

म्हातारे ओळीतल्या एकेका पोराकडे बघत गेले. मग बाईंकडे वळले. बाई म्हणाल्या, "ह्यांतली आपली कोणती ते तुम्ही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं." म्हातारे हसत सुटले. त्या वर्षी शाळा राहिली. बाई मात्र हसल्या नाहीत. संध्याकाळी मला म्हणाल्या, "एकावर आली गो शाळा. एकावर."

लग्न का नाही केलं, असं मी त्यांना एकदा तोंडावर विचारलं होतं. म्हणाल्या, "स्थळ चांगलं होतं. पण तो तिकडे जाणार होता. मग शाळेचं काय?" भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं की ही बाई शाळेसाठी स्वतःचं सोडू शकते, तर दुसऱ्याचंही सोडू शकते.

एस्तेर तिसरीत गेली आणि सॅमसनने तिकडे जायचं ठरवलं. त्याचा भाऊ आधीच गेलेला होता. त्याने कारखान्यात जागा बघून ठेवली होती. सॅमसन गरीब माणूस, बोलण्यात नरम. बायको रिबेका तेवढीच तिखट. मुंबईला कागद दाखवायची तारीख मिळाली, तीन-साडेतीन आठवड्यांनंतरची. आपण यहुदी आहोत हे दाखवायला लागतं. एस्तेरच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्माच्या रकान्यात ते लिहिलेलं असणार होतं, म्हणून दाखला पाहिजे होता. सॅमसनने मिलची पक्की नोकरी सोडली, घरमालकाला खोली सोडतो म्हणून सांगितलं आणि बाईंकडे आला.

तो दाखला दिला की एस्तेरचं नाव पटावरून जाणार. नाव गेलं की शाळा बंद.

"सणांनंतर ये," बाई म्हणाल्या.

त्यांचे मोठे सण त्याच महिन्यात एकामागून एक येतात. आधी नव्याचा सण, दोन दिवस. मग दारफाळणी, त्या दिवशी दारं लावून घेऊन उपाशी बसतात, कोणाशी बोलत नाहीत. मग मांडवाचा सण, आठ-नऊ दिवस. सणाला बाई लिहीत नसत, हे खरं. सॅमसनलाही ते माहीत होतं. तो मान हलवून गेला.

पण नव्याचा सण आणि दारफाळणी यांच्या मधे आठवडाभर मोकळा होता. शाळा भरत होती, फळ्यावर लिहिणं चालू होतं, हजेरी लागत होती. दाखल्याचं पुस्तक कपाटात. रिबेका एक दिवस नळावर मला म्हणाली, "मावशी, तुमचं ऐकतात त्या. सांगा ना."

मी दाखल्याचं पुस्तक कपाटातून काढलं आणि बाईंच्या टेबलावर ठेवलं.

"हे काय?"

"आज तं सण नाही न बाई. लिहून टाका त्या पोरीचा दाखला."

"हे दिवस पापं आठवायचे असतात. कारभाराचे नाहीत."

"हजेरी तं लावली सकाळी."

बाईंनी चष्मा काढला. "तिकडे तिला शाळा खूप मिळतील गो. ही बंद झाली तर परत कोणी उघडणार नाही. पुढच्या वर्षी जाईल, काय बिघडलं?" मग त्यांनी पुस्तक उचललं आणि कपाटात ठेवलं.

मी ते परत काढलं नाही. शाळा बंद झाली असती तर माझंही काम जाणार होतं. हे मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नाही. आता सांगते.

सण संपेपर्यंत मुंबईची तारीख हुकली. पुढची दोन महिन्यांनी मिळाली. सॅमसन दोनदा येऊन गेला. बाई म्हणाल्या, आता वेळ आहे, पोरीची सहामाही होऊ दे. सॅमसनची मिलमधली जागा दुसऱ्याने घेतली होती. कापसाचा हंगाम सुरू झाला होता, म्हणून तो एका जिनिंगमध्ये हजेरीवर जायला लागला. वीस वर्षं तेलाच्या मशीनवर काढलेला माणूस, जिनिंगच्या पट्ट्यांची त्याला सवय नव्हती. एका गुरुवारी दुपारी चालत्या पट्ट्यात त्याची बाही अडकली. अकोल्याला नेता नेता तो गेला.

शुक्रवारी दुपारी पुरला. शनिवार लागायच्या आत पुरायला पाहिजे होतं. त्यांची दफनभूमी जलंबच्या लाईनजवळ आहे, बाभळींत. गल्लीतले सगळे आले होते. बशीरने आणि आमच्या लोकांनी खड्डा खणला. त्यांच्यात एक प्रार्थना मेलेल्यासाठी म्हणतात, तिला त्यांचे दहा पुरुष लागतात. अकोल्याहून दोघं आले होते, भुसावळहून एक म्हातारा. म्हाताऱ्याने बाईंकडे बघितलं. "बाई, म्हणू या का? कोण बघतंय?"

तिथं चाळीस तरी माणसं उभी होती. बाई म्हणाल्या, "दहा नाहीत."

प्रार्थना झाली नाही. माती टाकली. रिबेका तेव्हा बाईंकडे वळली आणि सगळ्यांसमोर बोलली. आवाज चढवला नाही. "बाई, तुमच्या नियमात माझा नवरा बसला नाही. जिता असताना नाही, आता मेल्यावर नाही." बाई उभ्या राहिल्या. एस्तेर त्यांच्याकडे बघत होती, वर्गात बघते तशी, आता बाई काय सांगतात म्हणून.

दुसऱ्या दिवशी शनिवार. मी सातला गेले. बाई खुर्चीवर नव्हत्या. शाळेच्या खोलीत टेबलापाशी बसल्या होत्या, पांढऱ्या साडीत. समोर दाखल्याचं पुस्तक उघडं, हातात पेन. त्या लिहीत होत्या. बावीस वर्षांत मी त्यांना शनिवारी टाचणी उचलताना बघितलं नव्हतं. मी दारात थांबले. त्यांनी रकाने भरले, सगळे. धर्माच्या रकान्यात यहुदी, बेने इस्राएल. खाली तारीख घातली. सही केली. शिक्का शाईत दाबून मारला, उचलून बघितला, नीट उठला नव्हता म्हणून परत मारला.

"चहा कर," त्या म्हणाल्या.

हवा गार आहे म्हणाल्या नाहीत. चहा कर म्हणाल्या. मी स्टोव्ह पेटवला आणि तिथंच माझं तोंड सुटलं. "बाई, चहासाठी इशारा करता येत होता तुमाले. पंख्यासाठी येत होता. या कागदासाठी एक इशारा केला असता तं मी कोनाकडून बी लिहून आनला असता. नुसता शिक्काच मारायचा राह्यला असता."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या.

 चहा तसाच राहिला. त्यावर साय धरली तरी उचलला नाही.

रिबेका रविवारी आली. बाईंनी दाखला दोन्ही हातांनी पुढे केला. तिने तो वाचला, तारखेवर बोट ठेवलं, बाईंकडे बघितलं आणि घडी घालून पदरात बांधला. दारातून जाताना तिने चौकटीला हात लावला नाही. एस्तेरने लावला.

वर्ष संपलं तसं ट्रस्टने शाळा बंद केली. पोरं नगरपालिकेच्या शाळेत गेली. मला एका दवाखान्यात झाडण्याचं काम मिळालं. म्हणजे ज्याची भीती होती ते झालं आणि त्याने काही बिघडलं नाही.

बाई त्यानंतर नऊ वर्षं जगल्या. मागच्या खोलीत. लोक म्हणत, डोक्यावर परिणाम झाला. तसं काही नव्हतं. रविवारी त्या शाळेची खोली उघडून बसायच्या, फळा पुसायच्या, दुपारी बंद करायच्या. मला म्हणाल्या, "शनिवारी येऊ नकोस आता." मी दोन-तीनदा गेले, तर दार आतून लावलेलं. शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंत त्या अंधारात आणि गार पाण्यावर राहायच्या. उन्हाळ्यात पंखा बंद. शेजारीण सांगायची. नियम आधीपेक्षा कडक झाला होता. एका शनिवारची भरपाई करत होत्या असं कोणी म्हणेल. मला वाटतं त्यांना दुसरं काही करता येत नव्हतं.

गेल्या त्या एका मंगळवारी, तापाने. त्यांच्यातला एकही माणूस वेळेवर पोचला नाही. बशीर आता म्हातारा झाला होता, तरी खड्ड्याशी तोच उभा राहिला. शहनाज आली होती. ती आता स्वतः शिक्षिका आहे. तिने डोळ्यांवर हात ठेवला आणि शमा म्हटला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुठे न अडखळता. ते चालतं की नाही हे सांगायला बाई नव्हत्या.

लाल दोऱ्याची भांडी मी घरी आणली. वापरते. त्यात मटण करते, दूधही तापवते.

गेल्या महिन्यात एस्तेरचा फोन आला, चेहरा दिसतो तो. तिकडे नर्स झाली आहे. मराठी बोलते, पण थांबून थांबून. आधी बाईंचं विचारलं, शेवटी कशा होत्या, त्रास झाला का. मग म्हणाली, "मावशी, आईच्या पेटीत माझा दाखला सापडला. तारखेचा वार काढून बघितला. शनिवार आहे. आई म्हणते, बाईंची तारीख चुकली असेल."

"बाई तारखेत चुकत नोहत्या," मी म्हटलं. "शनिवारीच लिहिला. तुझ्या बापाले पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी. मी समोर होती."

तिने फोन दुसऱ्या हातात घेतला. मागे कोणाचं तरी लेकरू रडत होतं.

"म्हणजे लिहिता येत होतं," ती म्हणाली.

"हाव."

"आधी सण होते म्हणून नाही मिळाला असं मला सांगितलंय. सगळे दिवस सणच होते का मावशी? मधे शाळा भरली नव्हती?"

नव्हती म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. तिच्या मनात बाई अजून वर्गात उभ्या होत्या, हातात पट्टी घेऊन. त्यांना तिथंच राहू देता आलं असतं, आणि मलाही.

"भरली होती," मी म्हटलं. "आठवडाभर. रोज सकाळी कुलूप मीच उघडलं."